लक्झरी गाडी लीजवर घेताना: हप्त्याची गोष्ट सगळ्यात शेवटी

माझ्या पहिल्या लीजच्या (ठरावीक मुदतीसाठी गाडी भाड्याने घेण्याच्या कराराच्या) वेळी सेल्स मॅनेजरने एक कोरा कागद ओढला, जाड पेनाने त्यावर मोठं अधिकचं चिन्ह काढलं आणि चार चौकोन तयार केले. एकात नव्या गाडीची किंमत, दुसऱ्यात माझ्या जुन्या गाडीची, तिसऱ्यात आगाऊ रक्कम, चौथ्यात महिन्याचा हप्ता. मग पेनाचं टोक चौथ्या चौकोनावर टेकवून त्याने विचारलं, "सर, महिन्याला किती झेपेल?" मी आकडा सांगितला. तो आतल्या केबिनमध्ये गेला, दहा मिनिटांनी आला आणि म्हणाला, "करून घेतलं बघा तुमच्यासाठी." मी खूश. घरी येऊन कागद नीट वाचले, तर ३६ महिन्यांचे ३९ झाले होते, आगाऊ रक्कम वाढली होती आणि जुन्या गाडीचे पैसे गुपचूप कमी धरले होते. हप्ता मात्र मी म्हटला होता तोच. पै इकडची तिकडे नाही.

या कागदाला शोरूमवाले 'फोर स्क्वेअर' म्हणतात. एका चौकोनात तुम्हाला जिंकू द्यायचं आणि उरलेल्या तीन चौकोनांत वसूल करायचं, एवढंच त्याचं तंत्र. म्हणून पुढे जे काही लिहिलंय त्याचा रोख एकच आहे: हप्ता हे गणिताचं उत्तर आहे. घासाघीस उत्तरावर करायची नसते, ज्या आकड्यांतून ते निघतं त्यांच्यावर करायची असते.

शब्दांबद्दल आधीच सांगतो. 'मनी फॅक्टर' (व्याजदराचं लीजमधलं रूप) आणि 'रेसिड्यूअल' (मुदतीअखेर गाडीची जी किंमत उरेल असं धरतात ती) हे अमेरिकी लीजमधले शब्द आहेत. तिथे ही पद्धत इतकी रुळली आहे की बाकी ठिकाणचे लोकही तेच वापरतात. तुमच्या करारात कदाचित सरळ व्याजदर लिहिलेला असेल. गणित बदलत नाही.

करार कुठल्या जातीचा आहे?

किमतीचं बोलणं सुरू करण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या: मुदत संपल्यावर गाडीची किंमत अंदाजापेक्षा कमी भरली, तर तोटा कोणाचा? 'क्लोज्ड एंड' लीजमध्ये तो फायनान्स कंपनीचा. तुम्ही ठरलेल्या किलोमीटरच्या आत गाडी चालवली आणि नीट ठेवली, तर किल्ली देऊन मोकळे. 'ओपन एंड' लीजमध्ये तोटा तुमच्या गळ्यात. जर्मनीत हेच दोन प्रकार किलोमीटर लीझिंग आणि रेस्टवेर्ट लीझिंग या नावांनी चालतात. दुसऱ्या प्रकारात सुरुवातीचा हप्ता मोहात पाडेल इतका कमी दिसू शकतो, कारण गाडीची शेवटची किंमत फुगवून धरलेली असते. ती मेख तीन वर्षांनी बोचते.

हा तोटा किती मोठा असू शकतो याचं उदाहरण २००८चं. इंधन भडकलं, मोठ्या एसयूव्हींचे सेकंडहँड भाव कोसळले आणि लीजवरून परत आलेल्या गाड्यांवर फायनान्स कंपन्या इतक्या बुडाल्या की क्रायस्लरच्या फायनान्स शाखेने त्या ऑगस्टपासून लीज देणंच थांबवलं. ग्राहक मात्र किल्ल्या टेकवून निघून गेले. ही जोखीम दुसऱ्याच्या डोक्यावर राहणं हाच लीजचा खरा फायदा आहे. तोच नसेल तर कर्ज काढून गाडी विकत घेतलेली बरी. इथून पुढचं सगळं क्लोज्ड एंड धरूनच.

हप्ता निघतो कसा

पाच मिनिटं कागद-पेन घ्या. एकदा हे हाताने केलं की शोरूममध्ये कोणी तुम्हाला गुंडाळू शकत नाही.

समजा गाडीची छापील किंमत ६०,००० आहे (चलन कोणतंही धरा). घासाघीस करून ती ५५,२०० ला ठरली, म्हणजे ८ टक्के सूट. लीज सुरू करण्याचं शुल्क १,००० आणि ते त्यातच मिळवलं. झाले ५६,२००. याला लीजच्या भाषेत 'ॲडजस्टेड कॅप कॉस्ट' म्हणतात. तुमच्या नावावर चढलेली रक्कम ती हीच. तीन वर्षांनी गाडीची किंमत छापील किमतीच्या ५८ टक्के राहील असं कंपनीने ठरवलंय, म्हणजे ३४,८००. हा रेसिड्यूअल.

पहिला भाग घसाऱ्याचा, म्हणजे मुदतीत गाडीची किंमत जेवढी उतरते त्याचा. ५६,२०० मधून ३४,८०० वजा केले, उरले २१,४००. भागिले ३६ महिने, म्हणजे महिन्याला ५९४.४४.

दुसरा भाग व्याजाचा. इथे वजाबाकी नाही, बेरीज करायची: ५६,२०० अधिक ३४,८०० म्हणजे ९१,०००. गुणिले मनी फॅक्टर. तो ०.००२०० असेल तर महिन्याला १८२.

एकूण ७७६.४४, वर कर.

बेरीज पाहून सगळेच चमकतात, मीही चमकलो होतो. गाडीच्या आणि रेसिड्यूअलच्या रकमेची बेरीज करून त्यावर व्याज? हे तर दुप्पट झालं! तसं नाही. तुमच्याकडे कंपनीचे सुरुवातीला ५६,२०० अडकलेले असतात आणि शेवटी ३४,८००. सरासरी काढायची तर बेरीज करून दोनने भागायचं. तो भागिले दोन, वर्षाचे बारा महिने आणि टक्केवारीचे शंभर, हे तिन्ही मनी फॅक्टरच्या पोटात आधीच बसवलेले आहेत. म्हणूनच मनी फॅक्टरला २,४०० ने गुणलं की वर्षाचा व्याजदर मिळतो: ०.००२०० म्हणजे ४.८ टक्के, ०.००२५० म्हणजे ६ टक्के. २,४०० एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. "मनी फॅक्टर म्हणजे व्याज नव्हे, सर" असं कोणी म्हणालं तर फोनवर गुणाकार करून दाखवा.

आता हीच गाडी, पण सूट शून्य आणि मनी फॅक्टर ०.००२४०. हप्ता ९५७.७० होतो. महिन्याला १८१चा फरक, ३६ महिन्यांत ६,५०० च्या वर. गाडी तीच, रंगही तोच.

गाडी निवडतानाच अर्धी लढाई

रेसिड्यूअल शोरूमवाला ठरवत नाही. ते फायनान्स कंपनी ठरवते आणि लक्झरी गाड्यांच्या बाबतीत ती बहुतेक वेळा गाडी बनवणाऱ्याचीच शाखा असते: बीएमडब्ल्यू फायनान्शियल सर्व्हिसेस, मर्सिडीज-बेंझ फायनान्शियल सर्व्हिसेस, लेक्सस फायनान्शियल सर्व्हिसेस वगैरे. त्यामुळे रेसिड्यूअलवर घासाघीस होत नाही. "आम्ही तुमच्यासाठी रेसिड्यूअल वाढवून घेतलं" असं कोणी सांगितलं, तर त्याने एकतर किलोमीटर कमी केलेत किंवा मुदत बदललीय.

घासाघीस होत नसली तरी निवड होते. दुसरी एक गाडी घ्या: छापील किंमत ६३,०००, पहिलीपेक्षा ३,००० महाग. सूट तीच ८ टक्के, शुल्क तेच, मनी फॅक्टर तोच. फक्त रेसिड्यूअल ६३ टक्के. हप्ता येतो ७३२.५८. महाग गाडी महिन्याला ४४ने स्वस्त पडली! विकत घेताना जे शहाणपण असतं ते लीजमध्ये उलटं पडू शकतं, ते असं. म्हणून लीजसाठी गाड्या बघायला निघताना किमतीच्या यादीआधी रेसिड्यूअलची यादी हातात हवी. हे टक्के कंपन्या बहुधा महिन्याच्या सुरुवातीला बदलतात. ग्राहकांच्या ऑनलाइन गटांत ते उघडपणे फिरतात आणि नीट विचारलं तर शोरूमवालाही सांगतो.

एखादं मॉडेल खपत नसेल तर कंपनी सूट जाहीर न करता रेसिड्यूअल मुद्दाम चढं ठेवते किंवा मनी फॅक्टर पाडते. ब्रँडची किंमत उतरल्याचं दिसत नाही आणि गाड्या हलतात. अशा कंपनीने पोसलेल्या मॉडेलांवरच उत्तम लीज मिळतात. आपल्या मनात भरलेलं नेमकं मॉडेल त्या यादीत नसेल तर काय करायचं, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी एकदा रंगापायी अडून बसलो होतो आणि तीन वर्षं त्या रंगाचं भाडं भरलं.

विजेच्या गाड्यांचं वेगळंच. त्यांचे सेकंडहँड भाव झपाट्याने पडतात, त्यामुळे त्या विकत घेण्यापेक्षा लीजवर घेणं मला शहाणपणाचं वाटतं. पडणारी किंमत दुसऱ्याच्या माथी. अमेरिकेत मधली काही वर्षं त्या फारच स्वस्तात मिळत होत्या. सरकारी करसवलतीसाठी विकत घेणाऱ्याच्या उत्पन्नावर आणि गाडीच्या किमतीवर ज्या अटी होत्या, त्या लीजच्या गाडीला लागू नव्हत्या. कारण कागदोपत्री खरेदीदार फायनान्स कंपनी असायची आणि ७,५०० डॉलरपर्यंतची करसवलत तिला मिळायची. बऱ्याच कंपन्या ती हप्त्यात उतरवून देत. ३० सप्टेंबर २०२५ नंतर ती सवलत संपली. तेव्हाचे हप्ते कोणी आज नमुना म्हणून दाखवले तर तुलना करू नका.

ॲक्सेसरीजबद्दल दोन ओळी. कारखान्यातून बसून आलेल्या पर्यायांची किंमत साधारणपणे छापील किमतीत धरून त्यावर रेसिड्यूअल मिळतं. शोरूमने बसवलेलं कोटिंग, काचांची फिल्म, चाकांची कुलपं यांवर काहीच मिळत नाही. ती अख्खीच्या अख्खी तुम्ही ३६ महिन्यांत फेडता आणि परत देता.

गाडीची किंमत: इथेच जोर लावायचा

चार आकड्यांपैकी खऱ्या अर्थाने सैल असतो तो हाच. लीज घ्यायचंय हे विसरा आणि गाडी रोखीने घ्यायला आलोय असं समजून विक्री किंमत ठरवा. रेसिड्यूअल छापील किमतीवर बांधलेलं असल्यामुळे सुटीचा रुपया न रुपया घसाऱ्यातूनच वजा होतो. वरच्या उदाहरणात किंमत १,००० ने उतरली की हप्ता जवळपास ३० ने उतरतो. आधी हप्ता सांगून टाकला की सूट मागायला तोंडच उरत नाही.

गाडी बनवणाऱ्या कंपनीची सवलत आणि शोरूमची सूट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीची सवलत तुम्हाला तशीही मिळणार असते. तिच्यावर शोरूमवाला "एवढं कमी केलं" म्हणून मिशीला पीळ देतो. म्हणून प्रत्येक ठिकाणी विचारा, "कंपनीच्या सवलती धरण्याआधी तुमची विक्री किंमत काय?" पाच शोरूमची तुलना याच आकड्यावर करायची.

प्रत्यक्ष जाऊन घासाघीस करण्यात मर्दुमकी आहे असं मानणारे माझे मित्र आहेत. मी मात्र लिखाणावर विश्वास ठेवतो. समोर बसलं की चहापाणी होतं, चामड्याच्या सीटचा वास नाकात जातो, भीड पडते. गाडी एकदा चालवून बघा, नक्की करा, घरी या आणि चार-पाच ठिकाणी एकच मजकूर पाठवा. माझा असा असतो:

"नमस्कार. अमुक मॉडेल, अमुक पर्यायांसह, याच महिन्यात लीजवर घ्यायचं आहे. मुदत ३६ महिने, वर्षाला १६,००० किलोमीटर. आगाऊ रक्कम शून्य. कृपया पुढील आकडे लेखी कळवा: छापील किंमत, सवलतींआधीची विक्री किंमत, लागू सवलती, मनी फॅक्टर, रेसिड्यूअलची टक्केवारी, लीजचं शुल्क, कागदपत्रांचं शुल्क, सहीच्या दिवशी भरायची एकूण रक्कम. आकडे जुळले तर सही करायला एकदाच येईन. फोन न करता ईमेलवरच कळवावं ही विनंती."

पाचांपैकी दोघं उत्तर देणार नाहीत. एक जण लिहील, "शोरूमला या, खूश करून पाठवू." त्याला विसरा. उरलेल्या दोघांच्या आकड्यांतला फरक तुम्हाला पुढची वाट दाखवेल. चांगला आकडा दुसऱ्याला कळवायला हरकत नाही, पण खोटा आकडा फेकू नका. मनी फॅक्टर आणि रेसिड्यूअल त्यालाही माहीत असतात, तो उलटं गणित मांडून थाप पकडतो आणि मग तुमचं बोलणं कोणी मनावर घेत नाही.

महिनाअखेर, तिमाहीअखेर, नवं मॉडेल यायच्या तोंडावरचे आठवडे हे दिवस बरे, कारण शोरूमला विक्रीचं लक्ष्य गाठायचं असतं. शोरूमने सर्व्हिसच्या ग्राहकांना वापरायला दिलेल्या, थोड्या चाललेल्या गाड्यांवर त्याहून मोठी सूट निघते. मात्र झालेल्या किलोमीटरपायी त्यांचं रेसिड्यूअल कमी धरतात आणि वॉरंटीचे काही महिने गेलेले असू शकतात. सूट या दोन्हींना पुरून उरते का, ते वरच्या गणितात घालून बघा.

जुनी गाडी द्यायची असेल तर तिचा विषय नव्या गाडीची किंमत लेखी आल्याशिवाय काढूच नका. दुसरीकडे तिला काय भाव येतो तो आधी काढून ठेवा.

मनी फॅक्टर: न दिसणारी वाढ

फायनान्स कंपनी शोरूमला एक मूळ दर देते. त्यावर थोडी वाढ करून ग्राहकाला सांगण्याची मुभा अनेकदा शोरूमला असते आणि ती वाढ शोरूमच्या खिशात जाते. ०.००२०० चं ०.००२४० झालं तर कोणाला कळणार? दिसायला चार दशहजारांश, पण व्याजदरात जवळजवळ १ टक्का. आपल्या उदाहरणात महिन्याला ३६.४०, अख्ख्या मुदतीत १,३१०. कष्टाने मिळवलेली हजाराची सूट अशी मागच्या दाराने परत जाते.

विचारायचं ते थेट: "हा मूळ दर आहे की वर काही लावलंय?" तुमचा पतइतिहास उत्तम असेल तर सगळ्यात वरच्या श्रेणीचा दर मिळायला हवा. म्हणून शोरूममध्ये जाण्याआधी स्वतःचा क्रेडिट स्कोअर काढून ठेवा, तिथे पोचल्यावर आश्चर्य नको. काही कंपन्या परत मिळणाऱ्या अनामत रकमा भरल्या तर दर उतरवतात, काही ठिकाणी सगळं भाडं एकरकमी भरलं तर. हातात पैसा पडून असेल तर अनामतीचा मार्ग चांगला, कारण ती रक्कम शेवटी परत मिळते.

आणि दर सांगितलाच नाही तर? अमेरिकेत १९७६च्या ग्राहक लीज कायद्याखाली आणि त्याच्या 'रेग्युलेशन एम' या नियमांखाली येणाऱ्या करारांवर ॲडजस्टेड कॅप कॉस्ट, रेसिड्यूअल, घसारा आणि 'रेंट चार्ज' हे आकडे छापावे लागतात. मनी फॅक्टर छापायची सक्ती नाही. पण रेंट चार्ज म्हणजेच मुदतभराचं व्याज. समजा करारावर तो ७,८६२ दिसतोय. भागिले ३६, आले २१८.४०. भागिले ९१,००० (कॅप कॉस्ट आणि रेसिड्यूअलची बेरीज), आले ०.००२४०. ईमेलमध्ये ०.००२०० लिहिलं होतं. सापडला चोर. हे गणित सहीच्या टेबलावर करायला दोन मिनिटं लागतात आणि समोरचा माणूस त्या दोन मिनिटांत फार अस्वस्थ होतो.

आगाऊ रक्कम: शक्यतो शून्य

"थोडे पैसे आधी भरा, हप्ता हलका होईल." होतो ना, पण ते तुमचेच पैसे आहेत. आणि दुसऱ्याच महिन्यात अपघातात गाडी पूर्ण निकामी झाली, तर विम्याची रक्कम गाडीच्या मालकाला म्हणजे फायनान्स कंपनीला जाते. विमा आणि लीजची उरलेली रक्कम यांतली दरी 'गॅप' संरक्षण भरून काढतं, पण तुम्ही आधी ओतलेले पैसे सहसा परत येत नाहीत. पाच हजार भरून महिनाभर गाडी चालवली असं होऊन बसतं. गॅप संरक्षण करारात आहे की वेगळं विकलं जातंय तेही बघा. लक्झरी कंपन्यांच्या लीजमध्ये ते बऱ्याचदा आधीच असतं आणि तरी विमा विकणाऱ्या टेबलावर ते पुन्हा गळ्यात मारायचा प्रयत्न होतो.

जाहिरातींमधली गोमही आगाऊ रकमेतच. मोठ्या अक्षरांत ४९९, खाली बारीक अक्षरांत "सहीच्या वेळी ६,०००, पहिल्या हप्त्यासह". पुढचे ३५ हप्ते १७,४६५, त्यात ६,००० मिळवले की २३,४६५. भागिले ३६. खरा हप्ता ६५२. कुठलंही कोटेशन आलं की सगळी रक्कम मुदतीने भागून हा खरा हप्ता काढल्याशिवाय दुसऱ्याशी तुलना करू नका.

हा खरा हप्ता छापील किमतीच्या एक टक्क्याच्या आसपास आला तर सौदा उत्तम, असा एक जुना ठोकताळा आहे. व्याजदर चढे असताना तो गाठणं कठीण, आपल्या उदाहरणातही १.२९ टक्के येतात. चाळणी म्हणून वापरा, हट्ट म्हणून नको.

मुदत आणि किलोमीटर

मुदत वॉरंटीच्या बाहेर जाऊ देऊ नका. लक्झरी गाडीचं वॉरंटीबाहेरचं एक बिल सगळी बचत गिळतं, आणि तेही अशा गाडीवर जी आपली नाही. अमेरिकेत बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी यांची मूळ वॉरंटी ४ वर्षं किंवा ५०,००० मैलांची असते. त्यात ३६ महिने आरामात बसतात.

किलोमीटर मागच्या दोन वर्षांच्या खऱ्या वापरावरून ठरवा, सर्व्हिसच्या पावत्यांवर ते लिहिलेले असतात. जास्तीचे किलोमीटर सुरुवातीलाच करारात घेणं शेवटी दंड भरण्यापेक्षा सहसा स्वस्त पडतं. उलट, कमी चालवत असाल तर खालचा टप्पा मागा. रेसिड्यूअल एखाददोन टक्क्यांनी चढतं, आणि आपल्या उदाहरणात दोन टक्के रेसिड्यूअल म्हणजे महिन्याला जवळपास ३१. हजाराच्या सुटीपेक्षा जास्त, तेही न भांडता.

सहीचा दिवस

ईमेलची छापील प्रत सोबत न्या. करारावरचा प्रत्येक आकडा तिच्याशी ताडून पाहा: विक्री किंमत, सवलती, लीजचं शुल्क, रेसिड्यूअल, रेंट चार्ज, मुदत, किलोमीटर, जास्तीच्या किलोमीटरचा दर, गाडी परत करतानाचं शुल्क. लीजचं शुल्क फायनान्स कंपनीने ठरवलेलं असतं, पण काही शोरूम त्यातही थोडी भर घालतात. कर हप्त्यावर लागतो की पूर्ण किमतीवर, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, तेही आधी विचारून ठेवा.

दुसऱ्या टेबलावरचा माणूस चाकांचं संरक्षण, रंगाचं संरक्षण, वाढीव वॉरंटी, देखभालीचं पॅकेज असं एकेक काढत जातो. मोठ्या चाकांच्या आणि पातळ टायरच्या गाडीला खराब रस्त्यांवर चाकांचं संरक्षण कधीकधी उपयोगी पडतं. पण किंमत तीही ठरवता येते. तीन वर्षांच्या लीजवर वाढीव वॉरंटी म्हणजे न राहायच्या घराला रंग देण्यासारखं.

एखादा आकडा जुळला नाही तर "दुरुस्त करून पाठवा, उद्या येतो" म्हणायचं आणि उठायचं. मी एकदाच उठलो. पार्किंगपर्यंत पोचलो नव्हतो तोच फोन आला.

परत करताना

लीज घेतानाच शेवटाची तयारी करावी लागते, म्हणून थोडक्यात. मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी गाडीची पूर्वतपासणी मागा. माझ्याकडे आलेल्या तपासनीसाच्या हातात क्रेडिट कार्डाएवढी पट्टी होती. प्रत्येक पोच्यावर आणि ओरखड्यावर तो ती ठेवायचा. पट्टीखाली झाकला गेला तर माफ, बाहेर डोकावला तर नोंद. टायरची खाच, चाकांच्या कडा आणि काचेवरचे टवके हीच खर्चाची ठिकाणं. ब्रिटनमध्ये बीव्हीआरएलए ही उद्योगसंस्था रीतसर झीज कशाला म्हणायचं याचं मार्गदर्शक पत्रक काढते. तुमच्या कंपनीचंही असं काही पत्रक असेल तर ते पहिल्याच दिवशी मागून घ्या. नोंद झालेल्या गोष्टी बाहेर दुरुस्त करून घेणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

परत देण्याआधी बाजारभाव मात्र बघा. २०२१ मध्ये सेकंडहँड गाड्या इतक्या महागल्या की करारातल्या किमतीला गाडी घेऊन बाहेर विकणाऱ्यांच्या हातात चांगली रक्कम उरली. ते पाहून अनेक फायनान्स कंपन्यांनी तिसऱ्या कोणाला लीजची गाडी थेट विकण्यावर बंदी घातली. म्हणून सही करताना करारातली ही दोन कलमं शोधा: मुदतीअखेर गाडी कोणत्या किमतीला घेता येईल, आणि ती कोणाकोणाला घेता येईल.

किल्ली देण्याच्या दिवशी चारी बाजूंचे, चारही चाकांचे आणि ओडोमीटरचे फोटो काढा, गाडी मिळाल्याची सही-शिक्क्याची पावती घ्या. शेवटचं बिल त्यानंतर काही आठवड्यांनी येतं. माझ्या एका बिलात मागच्या बंपरवरच्या ओरखड्याचे पैसे लावले होते. मी फोटो पाठवला, ती ओळ वगळून नवं बिल आलं.